औषध टोचलं तरी बकरी का मेली?

घाटंजीकडच्या एका बकरीवाल्या भावाचा प्रश्न आहे. चाळीसेक बकऱ्या आहेत. मृगाचा पाऊस झाला, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोवळं गवत निघालं आणि पंधरा दिवसांत पाच बकऱ्या गेल्या. त्याच्याच शब्दांत सांगतो: "संध्याकाळी चांगली पोट भरून आली जी, सकाळी पाहतो त पाय ताणून पडली. मराव्या त रोडक्या मराव्या, पण ह्या त सगळ्या चांगल्या चांगल्याच गेल्या. दोघींले मरायच्या आधी पेनिसिलीनबी टोचलं. जंतू मेला असन न मंग? बकरी काऊन मेली?" त्याखाली दुसरा प्रश्न: "लसीत तोच जंतू असते म्हणते. मंग लसीनं रोग काऊन नाही होत?" आणि शेवटी, जरा दबकत, तिसरा: मेलेल्या बकरीचं मटण चालतं का?

पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. यवतमाळ-वर्ध्याच्या पट्ट्यात ढोरा-बकऱ्यांमागे फिरण्यात माझी २६ वर्षं गेली. हा प्रश्न दर जूनमध्ये कुणी ना कुणी विचारतोच. बहुतेक वेळा मी गडबडीत "लस टोचून घ्या" एवढंच सांगून मोटारसायकलला किक मारतो. आज बसून सांगतो.

भाऊ, तुमच्या वर्णनावरून हा आंत्रविषार वाटतो. न पाहता शिक्का मारणार नाही. पण पहिला पाऊस, कोवळा चारा, अंगानं भरलेली बकरी, रातोरात मरण आणि लस टोचलेली नाही, एवढं जुळलं की माझी पहिली शंका तिकडेच जाते. गावात कुणी म्हणतं हवा लागली, कुणी म्हणतं पान लागलं, आणि शेजाऱ्याशी वाद असेल तर करणीही निघते. करणी जंतूची असते आणि तो बाहेरून आलेलाही नसतो.

त्याचं नाव क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, त्यातला 'डी' प्रकार. मातीत असतो आणि धडधाकट बकरीच्या आतड्यातही थोडाफार असतो. एरवी तो कुणाचं काही बिघडवत नाही. संख्या कमी, आतडं सारखं हलतं, शेणलेंड्यांबरोबर बाहेर पडत राहतो. गडबड सुरू होते ती आपण खाणं एकदम बदललं की. उन्हाळाभर कुटार (वाळका भुसा) आणि सुबाभळीच्या काड्यांवर काढलेल्या बकरीला अचानक लुसलुशीत गवत मिळालं, किंवा मळणीनंतर खळ्यावर सांडलेली ज्वारी-सोयाबीन सापडली, तर पोटाला ते सगळं पचवता येत नाही. न पचलेली साखर आणि पीठ पुढे लहान आतड्यात उतरतं आणि तिथे या जंतूची पंगत बसते. सगळं मनासारखं मिळालं तर हा दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. दहा मिनिटंच धरा. तासात एकाचे ६४, तीन तासांत अडीच लाखांवर. रात्री आठला बकरी बांधली आणि पहाटे पाचला सोडायला गेलात, तेवढ्यात काय होऊ शकतं याचा हिशेब तुम्हीच करा.

पण नुसती गर्दी झाली म्हणून बकरी मरत नाही. गर्दी झाल्यावर तो एक प्रथिन बाहेर टाकतो, एप्सिलॉन नावाचं विष. बाहेर पडताना ते निष्क्रिय असतं. बकरीच्या स्वतःच्या पाचक रसातलं ट्रिप्सिन त्याचा एक तुकडा कापतं आणि मग ते जागं होतं. बंदूक जंतूची, घोडा ओढणारं बोट बकरीचंच. जागं झालेलं विष आतड्याची भिंत सैल करतं, पाझरून रक्तात जातं आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना गळती लावतं. मेंदूवर सूज येते, मान पाठीकडे वळते, बकरी पाय मारते आणि जाते. मोठ्या बकरीला कधी पातळ, रक्ताळ हगवण लागते आणि ती दोन दिवस काढते. पिल्लांना तेवढाही वेळ मिळत नाही.

आता पेनिसिलीनचं. तुम्ही टोचलं तेव्हा विष रक्तात उतरलेलं होतं. औषध जंतूला मारतं, विषाला हात लावत नाही. साप डसल्यावर सापाला कितीही ठेचा, चढलेलं विष त्यानं उतरत नाही.

विष एकटं पुरतं, त्याला जंतू लागत नाही, ही गोष्ट सिद्ध करायला शास्त्रज्ञांनाही बराच वेळ लागला. त्यातला एक मोठा दाखला आपल्या देशातलाच आहे. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू वाढवलेलं पाणी गाळून घेतलं, म्हणजे जंतू वेगळे काढले, आणि उरलेलं पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं. आतडं पाण्यानं टम्म फुगलं. पटकीत माणूस वाळून मरतो तो या विषामुळे.

चांगल्याच बकऱ्या का गेल्या, हेही आता लक्षात आलं असेल. कळपात जी दांडगी, तीच शिंगं मारून सगळ्यांच्या आधी खाते. रोडकी मागे राहते आणि त्या दिवशी मागे राहणं तिच्या फायद्याचं ठरतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आर्णीकडच्या एका गावात गेलो होतो. घरी लग्न होऊन गेलेलं. उरलेला भात टोपलीभर, "वाया काऊन घालवा" म्हणून आजीबाईंनी प्रेमानं बकऱ्यांसमोर ठेवलेला. सकाळी तीन गेल्या. धुऱ्यावर बाभळीखाली एक उघडली. पोटात भात तसाच आंबलेला, लहान आतडं लालबुंद. हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी होतं, ते हवा लागताच माझ्यासमोर खिरीसारखं थिजलं. मेंढीत किडनीचा गाळ झालेला सापडतो, बकरीत तो दर वेळी मिळतोच असं नाही. तेव्हापासून पिशवीत माणसाच्या मधुमेहाची लघवी तपासायची पट्टी ठेवतो. मूत्राशयातल्या लघवीत साखर निघाली तर संशय बळावतो. नाही निघाली तर मात्र रोग नव्हता असं म्हणता येत नाही.

हे झालं एका जंतूचं. बाकीच्यांची हत्यारं वेगळी, पण त्यांनाही आधी पाय रोवायला जागा लागते. नुकत्या जन्मलेल्या वासराची पांढरी हगवण घ्या. त्यातला एक जंतू, ई. कोलाय, आपल्या अंगावरच्या के-९९ नावाच्या बारीक केसांनी आतड्याला चिकटतो, मग विष सोडतो. ही चिकटायची जागा वासराच्या आतड्यात पहिले काही दिवसच असते. तेवढे दिवस निभावले की या विशिष्ट जंतूची पकड सुटते. निभावायचे कसे? चिकानं. गाईच्या चिकात त्या केसांना धरून ठेवणारी प्रतिद्रव्यं असतात. केस गुंतले की जंतू चिकटू शकत नाही, मेला नाही तरी वाहून जातो. शिवाय वासराचं आतडं ही प्रतिद्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेतं, तेही पहिल्या २४ तासांपुरतं, आणि त्यातही पहिले काही तास सर्वांत मोलाचे.

आणि आपल्याकडे काय करतात? "जार पडल्याबिगर चीक पाजू नये." जार पडायला आठ तास लागले तर वासरू आठ तास कोरडं! हा समज मोडण्यात माझी जेवढी ताकद गेली तेवढी कुठल्याच रोगात गेली नाही. उलट वासरानं आचळ ओढलं की गाईचं गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायला मदतच होते. तासाभरात पाजा. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक दिवसभरात दोन-तीनदा विभागून पोटात गेला पाहिजे. खरवसाची वाटणी त्यानंतर.

सडातून शिरून कासेची दगडी करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूची चाल आणखी वेगळी. तो कासेच्या आतल्या भिंतीला धरतो, स्वतःभोवती चिकट थर करून बसतो, आणि अंगावरच्या 'ए' प्रथिनानं गाईची प्रतिद्रव्यं उलटी धरतो, म्हणजे मुठीकडून धरायची तलवार पात्याकडून. म्हणून जुना दगडी झालेला सड औषधाच्या ट्यूबांनी बरा होत नाही आणि दुधाचे पैसे जातात ते जातातच. इथे सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवणं आणि गाईपुढे लगेच ढेप किंवा चारा टाकणं. ती अर्धा तास उभी राहते, तेवढ्यात सडाचं तोंड मिटतं. दार बंद असलं की हत्यार कितीही भारी असो, काय करणार?

ब्रुसेला तर आणखी बेरकी. गाभ पाडणारा हा जंतू, ज्या पेशी जंतू गिळायला ठेवलेल्या आहेत त्यांच्याच पोटात संसार मांडतो. पोलीस चौकीत चोर राहायला आल्यासारखं. फऱ्या रोगाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं कवचात झोपलेलं रूप, गवताबरोबर पोटात जाऊन मांसात झोपून राहतात, मुका मार लागला की तिथे जागे होतात. मांडी सुजते, हातानं दाबली की चरचर वाजते. घटसर्पाचा जंतू काही निरोगी म्हशींच्या घशातच असतो. भिजणं, उपासमार, लांबचा बाजार झाला की उसळतो. (जाता जाता: माणसांचा घटसर्प आणि म्हशीचा घटसर्प या नावानं भाऊ, कामानं परके. जंतू पूर्ण वेगळे. दवाखान्यात यावरून घोळ झालेला पाहिलाय.) या सगळ्यांना लोह लागतं, आणि शरीर लोह प्रथिनांत बांधून लपवून ठेवतं. बरेच जंतू ते ओढून आणायला गळासारखे रेणू सोडतात. ही ओढाताण प्रत्येक आजारात आत चालू असते, आपल्याला फक्त ताप दिसतो.

आता दुसरा प्रश्न. लसीनं रोग का होत नाही?

कारण लस म्हणजे नांगी ठेचलेला विंचू. नांगी ठेचायच्या रीती मात्र निरनिराळ्या. आंत्रविषाराच्या लसीत जंतू वाढवून त्याचं विष तयार होऊ देतात, मग फॉर्मालिननं ते निकामी करतात. आकार तोच राहतो, मारण्याची शक्ती जाते. बकरीचं शरीर तो आकार ओळखून प्रतिद्रव्यं करून ठेवतं. पुढे खरं विष आलं की आतड्यातून रक्तात येताच ते पकडलं जातं. लक्षात घ्या, जंतू त्या बकरीच्या आतड्यात पुढेही राहतोच, तो मरत नाही. विषाचं असं निर्विष रूप करण्याची पद्धत गास्तों रामों या फ्रेंच माणसानं १९२३ च्या सुमारास बसवली. तुमच्या मुलाला टोचतात ती धनुर्वाताची लस त्याच जातीची. रामों पशुवैद्य होता, हे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो.

दुसरी रीत म्हणजे जंतू जिवंतच ठेवायचा, पण लुळा करून. क्षयाची बीसीजी लस आहे ना, ती गाईच्या क्षयाच्या जंतूपासून आली. काल्मेत आणि गेराँ यांनी १९०८ पासून तो जंतू बैलाच्या पित्तात आणि ग्लिसरीनमध्ये शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला. दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर, असं २३० वेळा. तेरा वर्षं लागली. मधे पहिलं महायुद्ध होऊन गेलं. शेवटी जो जंतू उरला त्याला वाढता येत होतं, रोग करता येत नव्हता. यातला गेराँही पशुवैद्यच.

काळपुळीची, म्हणजे ॲन्थ्रॅक्सची गोष्ट मला सर्वांत आवडते. पाश्चरनं १८८१ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या पुयी-ल-फोर या गावी २४ मेंढ्या, सहा गाई आणि एका बकरीला लस टोचली. तेवढ्याच मेंढ्या, चार गाई आणि आणखी एक बकरी बिनलशीच्या ठेवल्या. ३१ मे रोजी सगळ्यांना जहाल जंतू टोचला. २ जूनला गाव गोळा झालं तेव्हा बिनलशीच्या बहुतेक मेंढ्या आणि ती बकरी मरून पडलेल्या, उरलेल्या त्याच दिवशी गेल्या. लसवाल्या उभ्या. (त्या दिवशीची लस पोटॅशियम डायक्रोमेटनं दुबळी केलेली होती, पाश्चरनं जाहीर केलेली रीत वेगळीच, हे त्याच्या वह्यांवरून पुढे कळलं. मोठी माणसंही लबाडी करतात.) त्याची नेहमीची रीत म्हणजे जंतू ४२-४३ अंशांवर वाढवायचा. त्यानं नेमकं काय होतं हे शंभरेक वर्षांनी समजलं: त्या उष्णतेत विष बनवण्याची कृती गुणसूत्राबाहेरच्या ज्या डीएनएच्या कड्यात लिहिलेली असते, ते कडंच जंतू गमावतो. पुढे दक्षिण आफ्रिकेत स्टर्न यानं १९३७ साली नेमकं उलट केलं. त्याच्या जंतूनं विष राखलं, पण अंगावरचं कवच गमावलं. कवच नसलेला जंतू शरीर सहज गिळतं, आणि थोडंसं विष पाहून प्रतिकारही शिकतं. पाश्चरच्या लसीपेक्षा ही सरस ठरली आणि जनावरांसाठी आजही तीच चालते.

जिवंत लस म्हटली की जबाबदारी आली. ब्रुसेलाची एस-१९ ही लस १९२३ सालच्या एका जर्सी गाईच्या दुधातून आली. जंतूची नळी वर्षभर खोलीत नुसती पडून राहिली आणि त्याची धार बोथट झाली. बोथट झाली, गेली नाही. म्हणून ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना देतात, गाभण गाईला नाही, आणि टोचणाऱ्याच्या बोटात सुई घुसली तर त्यालाही ताप धरू शकतो. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती मोफत आहे. तुमच्याकडे कालवडी असतील तर विचारा.

आता तुमच्या कळपाचं. आंत्रविषाराची लस पहिल्यांदा देताना दोन मात्रा, १५ ते २१ दिवसांच्या अंतरानं. एकाच टोचणीवर भागवलं तर भागत नाही. पहिली मात्रा मे महिन्याच्या सुरुवातीला द्या, म्हणजे दुसरी रोहिणीपर्यंत होईल आणि मृगापूर्वी अंगात ताकद तयार असेल. मेंढीपेक्षा बकरीत ही ताकद लवकर उतरते, म्हणून मी वर्षाला एकदा न देता सहा महिन्यांनी देतो, मे आणि पुन्हा सोयाबीनच्या मळणीआधी. गाभण बकरीला व्यायच्या महिनाभर आधी दिली की चिकातून पिल्लांना मिळते. आत्ता, रोग चालू असताना दिली तर दोन आठवडे तरी त्या लसीवर विसंबू नका. तोवर चारा सांभाळा: सकाळी सोडण्याआधी कुटार किंवा कडबा खाऊ घाला, कोवळ्या गवतावर पहिले काही दिवस तासभरच, मग हळूहळू वाढवा. हे फुकट आहे आणि आजपासून करता येतं.

लस आणताना बर्फाची पिशवी न्या, पण बाटली बर्फाला चिकटू देऊ नका. मी स्वतः हे चुकलोय. एका उन्हाळ्यात बाटल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, रात्रीतून गोठल्या. सकाळी वितळवून दीडशे बकऱ्यांना टोचल्या. जूनमध्ये त्यातल्याच मेल्या आणि लोकांनी मला तोंडावर विचारलं. काय सांगणार? या लसीत विष ॲल्युमिनियमच्या जेलला धरून असतं. गोठली की जेल फुटते. बाटली हलवून ठेवा. चांगली असेल तर दूधाळ राहते, गोठून वितळलेली असेल तर बघता बघता गाळ खाली बसतो आणि वर पाणी दिसतं. अशी बाटली कुणी टोचत असेल तर हात धरा, डॉक्टर असला तरी.

जंतूला न मारता निःशस्त्र करणाऱ्या नव्या औषधांवर काम चालू आहे. जंतू एकमेकांना रासायनिक खुणांनी मोजतात आणि पुरेसे जमल्यावरच हत्यारं काढतात. कासेतला स्टॅफिलोकॉकसही असंच करतो. ही खूण बिघडवली तर तो गप्प बसेल, आणि मरत नसल्यामुळे औषधाला निगरगट्ट होण्याची घाईही त्याला कमी राहील, असा विचार आहे. विचार पटतो. पण आपल्या जंतूच्या चुलत भावाच्या, म्हणजे माणसाला हगवण लावणाऱ्या डिफिसिल नावाच्या जंतूच्या, विषाला धरणारं एक औषध अमेरिकेत माणसांसाठी २०१६ साली मंजूर झालं आणि २०२५ मध्ये बंदही झालं. घाटंजीच्या बकरीपर्यंत असलं काही पोचायला वेळ आहे. तोवर कुटार आणि लस.

मटणाचं. नाही चालत. मी ओळखीच्या माणसालाही हो म्हणत नाही. अचानक मेलेली बकरी आंत्रविषाराची की काळपुळीची, हे बाहेरून तुम्हाला ओळखता येणार नाही, कधी कधी मलाही नाही. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर तिला सुरीच लावायची नाही. कातडं सोलायचं नाही, कुत्र्यांना ओढू द्यायचं नाही. कापलं की जंतूला हवा लागते, त्याचे बीजाणू होतात आणि ते त्या जमिनीत कित्येक वर्षं राहतात. सहा फूट खोल खड्डा, नाल्यापासून आणि विहिरीपासून दूर, अख्खी बकरी त्यात. आणि पुरण्याआधी फोन करा, मी येईपर्यंत ताडपत्री टाकून झाकून ठेवा.